ओल्या स्लॅबखालचा मका

टेकूमामांचे खरे नाव घरच्यांनाही क्वचितच आठवत असे. आयुष्यभर त्यांनी एकच काम केले. दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर स्वतःच्या बळावर उभे राहीपर्यंत त्याला खालून आधार द्यायचा. स्लॅब ओतण्याआधी फळ्यांचा साचा बांधायचा, त्याखाली लाकडी टेकू उभे करायचे, प्रत्येक टेकूच्या बुडाशी पाचर ठोकायची आणि काँक्रीट कडक होईपर्यंत त्या टेकूंची तान्ह्या मुलासारखी राखण करायची. घर पूर्ण झाले की मालक सुताराचे कौतुक करी, रंगाऱ्याचे करी. मामांचे टेकू तोवर ट्रॅक्टरमध्ये बसून दुसऱ्या कामावर पोहोचलेले असत. याचे त्यांना वाईट वाटत नसे. "आपलं काम लोकांना दिसलं, म्हणजे समजायचं कुठेतरी स्लॅब पडला," असे ते हसून म्हणत.

पावसाशी मात्र त्यांचे कधीच जमले नाही. ऊन कडक पडले तर स्लॅबला तडे जातात, म्हणून वरून पाणी मारत राहावे लागते. पावसाची झड लागली तर खालची जमीन मऊ होते आणि टेकू खचतात. त्यांचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शेतकरी होते. त्यांचीही तीच रड. पाऊस लांबला तर पेरणी जाते, पाऊस हटला नाही तर काढणी जाते. दोघेही सकाळी उठल्या उठल्या आभाळाकडे बघत आणि मग एकमेकांकडे बघत, जणू आभाळ समोरच्यानेच बिघडवले आहे.

त्या वर्षी ताईने नवे घर बांधायला काढले. जुने घर पाडून झाले होते. ताई, दाजी आणि दाजींची म्हातारी आई बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. स्लॅब ओतला गेला आणि लगेच रेडिओवर बातमी आली की समुद्रात वादळ उठले आहे आणि त्याचा पाऊस आतपर्यंत येणार आहे. दाजींचा मका शेतात उभा होता. त्यांनी दिसेल त्या माणसाला हाताशी धरून तो कापला, मळणी यंत्रातून काढला आणि पोती भरली. पोती ठेवायची कुठे, हा प्रश्न त्यानंतर पडला. शेडमध्ये चूल, ट्रंका आणि एक खाट एवढ्यानेच जागा संपली होती.

"मेहुणे," दाजी म्हणाले, "एवढं मोठं छप्पर काय नुसतं बघत बसायला बांधलंय?"

"दाजी, ते छप्पर नाही अजून. कच्चं आहे. टेकू आहेत म्हणून वर राहिलंय."

"मग राहू द्या टेकू! मी त्यांच्या मधे पोती लावतो. तुमचे टेकू काय माझा मका खाणार आहेत?"

मामांनी वरच्या फळ्यांकडे पाहिले. तेव्हा ताई हळूच म्हणाली, "ठेवू दे रे. वर्षाचं पीक आहे." लग्न झाल्यापासून ताईने भावाकडे कधी काही मागितले नव्हते. मामांनी मान डोलावली. एकच अट घातली की मधल्या टेकूंपर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी सोडायची. दाजींनी पहिल्या दिवशी ती सोडली. शेवटच्या खेपेची पोती उतरली तेव्हा ती वाटही भरून गेली.

मग पाऊस आला आणि बसला. पोत्यांच्या आडोशाला बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फाडून नेली. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला, तसे मामाही तिथेच अडकले. पुढच्या कामाचा मालक फोनवर रोज विचारी की टेकू कधी आणता, आणि मामा रोज पुलाचे कारण सांगत. शेडमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, चूल धुरत होती, आणि माणसांना एकमेकांची पाठ चुकवून फिरता येत नव्हते.

"पाहुणे पावसासारखे झालेत," म्हातारी खाटेवरून म्हणाली. "आले ते जायचं नाव घेईनात."

"मावशी, पूल तेवढा उचलून दाखवा, हा निघालो बघा."

म्हातारी हसली. दाजी हसले नाहीत. ते मधूनमधून एखाद्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. आतला मका कोमट लागू लागला होता.

एका सकाळी मामा चहा घेत बसले होते. दाजी चिखलाने माखून आत आले, पण चेहऱ्यावर समाधान होते. "पोत्यांच्या बुडाशी पाणी साचत होतं," ते म्हणाले. "काढून दिलं सगळं. आता एक थेंब राहिला नाही."

मामांनी कप खाली ठेवला. "कुठून काढलं?"

"मधून. पोती सरकवून या भिंतीपासून त्या भिंतीबाहेर सरळ चर खणला."

दाजींचे सारे आयुष्य शेतात गेले होते. शेतात पाणी तुंबले की चर खणायचा, हे त्यांच्या हाताला डोक्याआधी कळे. पण घराच्या जोत्यात मुरमाचा भराव होता आणि त्या भरावावर टेकू उभे होते. पाणी गेले ते मुरूम घेऊनच गेले.

मामा धावत गेले. वाकून पाहिले तर मधले टेकू बुडाशी मोकळे झाले होते. बाहेरून लांब बांबूने एकाला ढोसले, तर तो सैल दातासारखा हलला. "तुम्ही कोणी आत यायचं नाही," असे बजावून ते पोत्यांवरून आडवे सरपटत आत उतरले. विटांचे तुकडे आणि चपटे दगड त्यांनी टेकूंच्या बुडाशी भरले आणि एकेक पाचर हातोडीने आवळत नेली. शेवटची पाचर बसली, आणि त्याच वेळी पाठीमागे चराच्या काठावरची थप्पी घसरली. बाहेर पडायची फट पोत्यांनी बुजून गेली.

"अरे, लागलं का तुला?" ताई ओरडली.

"लागलं नाही. अडकलोय."

"मग ढकल की पोती!"

"पाय कुठे रोवू? समोर टेकू आहे."

खरोखर तसेच होते. गुडघे हनुवटीला लागलेले, पाठीला पोती, आणि पायांसमोर आत्ताच बसवलेला टेकू. पोत्यांना जोर द्यायचा तर त्या टेकूलाच लाथ द्यावी लागली असती.

बाहेर आता दाजींचा आवाज आला. "पाऊस जरा उघडू दे. मग काढू पोती."

"कधी उघडणार? वादळ आल्यापासून हेच ऐकतेय मी."

"आत्ता बाहेर काढली तर भिजतील ती. काळा पडला मका, तर कोणी हात लावणार नाही."

"आणि माझा भाऊ?"

"त्याला मी आत बसवलं का?"

"चर कोणी खणला?"

पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मामांना आतून सारे समजत होते. दाजी वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हातात निवडायला दोनच गोष्टी होत्या आणि दोन्ही त्यांच्याच घरच्या होत्या. मामांच्या तोंडी सवयीचे वाक्य आले आणि ते बोलूनही गेले. "ताई, भांडू नका. बसतो मी. मला काही होत नाही."

दाजींनी ते ऐकले, आणि त्यांना ते ऐकायचेच होते. ताईनेही पोत्यावरचा हात काढून घेतला.

मामा बसले. पाय बधिर झाले. ओल्या गोणपाटाचा आणि आंबलेल्या मक्याचा वास नाकात भरला. वरच्या फळ्यांतून पाणी टपकत होते. मग त्यांचे लक्ष खाली गेले. चरातून पुन्हा पाणी वाहू लागले होते. लालसर मुरूम त्यांच्या तळव्याखालून हळूहळू निघून चालला होता, आणि नुकत्याच भरलेल्या दगडांपैकी एक कलला होता. हातोडी उचलायलासुद्धा जागा नव्हती. दुसऱ्या कोणाचे छप्पर असते तर त्यांनी मालकाला हाक मारून बाहेर व्हा म्हणून सांगितले असते. स्वतःसाठी काय म्हणायचे, हे त्यांना पटकन सुचेना.

"दाजी," ते शेवटी म्हणाले, "टेकू परत सुटतायत. मला बाहेर काढा."

असे वाक्य त्यांनी कोणाला कधी म्हटले नव्हते. बाहेर पहिले पोते ओढल्याचा आवाज आला. दाजी पोते ओढत, ताई ते अंगणात लोटून देई, आणि पाऊस ते भिजवी. म्हातारी काठी टाकून चराच्या तोंडाशी बसली होती आणि दोन्ही हातांनी चिखल थापून पाणी अडवत होती. "ओढ रे, बघत काय बसलास!" ती मुलावर खेकसली. एक पोते खिळ्याला अडकून उसवले आणि पिवळे दाणे चिखलात सांडले. दाजींनी त्यावर पाय देऊन पुढचे पोते धरले.

मामा बाहेर आले तेव्हा त्यांना सरळ उभे राहता येईना. तरी त्यांनी आधी चर बुजवून घेतला. यावेळी दाजी त्यांच्यासोबत आत आले आणि दगड हातात देत गेले. कललेला दगड काढून मामांनी पाचर पुन्हा ठोकली.

संध्याकाळपर्यंत भिजलेली पोती शेडमध्ये आणून उघडली. ट्रंका, भांडी, चुलीची लाकडे, सारे बाहेर पावसात गेले. मका जमिनीवर पसरला, खाटेवर पसरला, आणि माणसे भिंतीला पाठ लावून पाय पोटाशी घेऊन बसली. दाण्यांची उष्णता जावी म्हणून तो तळहातांनी उलटत राहावे लागत होते. काही दाणे फुगले होते. काहींना बारीक पांढरे टोक फुटले होते. ते दाणे बाजूला काढायला कोणी सांगितले नाही आणि कोणी काढलेही नाहीत.

बराच वेळ गेल्यावर दाजींनी मान वर न करता विचारले, "मधला टेकू धरेल ना?"

"माहीत नाही, दाजी."

"पाऊस थांबला तर?"

"थांबला तरी लगेच सांगता यायचं नाही. जमीन वाळू द्यावी लागेल."

दाजींनी हुंकार दिला. मग हात मामांच्या पायाकडे सरकवला. "जरा पाय उचला," ते म्हणाले. "खालचा मका गरम झालाय."

मामांनी दोन्ही पाय उचलून धरले, आणि दाजी त्याखालचा मका उलटू लागले.