मुळशीच्या काठावरचा धिक्कार

आमचं लेखक मंडळ मुळशीला सहलीला निघालं, ते एका माणसाचा धिक्कार करायला. धिक्कार पुण्यातही करता आला असता. पण मे महिना होता, आणि तत्त्वाची गोष्ट उकाड्यात नीट होत नाही, असं अध्यक्ष अण्णासाहेबांचं मत पडलं.

माणूस फार लांबचा होता, एका परदेशातला कवी. त्यानं तिथल्या सरकारला न मानवणारं पुस्तक लिहिलं, तेव्हा तिथल्याच लेखकांनी सभा भरवून त्याला देशद्रोही ठरवलं. आपणही त्यांना दुजोरा द्यावा, असं अण्णासाहेबांना तळमळून वाटत होतं. त्या देशाचं पाहुणचाराचं आमंत्रण त्यांना येऊ घातलं होतं, हा आपला योगायोग.

एस.टी.त माझ्या शेजारी वसंता होता, कॉलेजपासूनचा माझा जिवलग. भुकूम मागं पडलं तसा तो हळूच म्हणाला, "आज हात वर कर बरं का. तुझा पहिला कथासंग्रह मंडळ काढतंय. उगाच माशी शिंकायला नको."

पौडच्या पुढं भाताची खाचरं (बांध घातलेली शेतं) कोरडी पडली होती. मग एका वळणावर धरणाचं पाणी दिसलं आणि मी कवी, कथासंग्रह सगळं विसरलो. पाणी बरंच उतरलं होतं. काठाला जुन्या घरांची दगडी जोती उघडी पडली होती.

वरच्या वस्तीवरच्या धोंडिबांना जेवणाचं सांगून ठेवलं होतं: तांदळाच्या भाकरी आणि वालाचं कोरड्यास (कालवण). भाकरी होईपर्यंत सभा उरकायची ठरली. अण्णासाहेब एका ऐसपैस जोत्यावर छत्री उघडून बसले. भाषणं झाली. मग वसंतानं आरोळी दिली आणि सगळे ओरडले, "धिक्कार असो!"

आवाज डोंगरावर आपटून परत आला. पाठोपाठ वस्तीवरची माणसं धावत आली, पुढं धोंडिबा.

"आलो, आलो! धरनाचा धिक्कार करायला पुन्यासनं मानसं आली, लई ब्येस झालं. तुमी बसलाय ती आमचीच वटी (ओटी) बरं का, सायेब. ल्हानपनी हितंच खेळायचो."

अण्णासाहेब विंचू चावल्यासारखे उठले. चारचा चहा आम्हाला धरणवाल्यांच्याच बंगल्यावर होता. हा धिक्कार एका कवीचा आहे, असं त्यांनी घाईघाईनं सांगितलं.

"कवीचा? त्यानं कुनाचं गाव बुडवलं?"

"तसं नाही हो. पुस्तक लिहिलंय त्यानं."

"वंगाळ हाय व्हय?"

"अजून आम्ही वाचलेलं नाही."

"बरं. मग धरनाचं कवा घेताय?"

"तो विषय आज नाही," अण्णासाहेब म्हणाले आणि त्यांनी ठराव मताला टाकला. हात वर गेले. माझा गेला नाही.

"अहो, तुमचा हात?"

"मी पुस्तक वाचलेलं नाही," मी म्हणालो.

"आम्ही तरी कुठं वाचलंय? तत्त्वाचा प्रश्न आहे!"

यावर कोणी हसलं नाही. मला मंडळातून काढावं, असं कोणीतरी सुचवायला हवं होतं. अण्णासाहेबांनी वसंताकडे पाहिलं. वसंता उठला, माझं पूर्ण नाव घेतलं आणि सुचवलं. इतक्या वर्षांत त्यानं माझं पूर्ण नाव कधी घेतलं नव्हतं. मला ते फार लागलं. कथासंग्रह बुडाला, त्याहून जास्त.

पंगतीत माझ्या शेजारी कोणी बसेना. धोंडिबांनी माझं ताट उचलून जोत्यावर नेलं. "या हितं. सावली न्हाई, पर जागा लई हाय." त्यांच्या बुडालेल्या घरात बसून मी पोटभर जेवलो.

परतीची गाडी खच्चून भरलेली होती. रिकामी जागा एकच, माझ्या शेजारी. अण्णासाहेब सगळी वाट दांडीला लोंबकळत उभ्यानं आले, पण तत्त्व सोडलं नाही. पिरंगुटला कोंबडी घेऊन एक बाई चढली आणि खुशाल माझ्या शेजारी बसली.

पुण्यात सगळे पांगले. चपलेचा अंगठा नीट करण्याच्या मिषानं वसंता मागं राहिला.

"त्या कवीचं पुस्तक तुला कुठं मिळालं, तर मला दे रे वाचायला," तो कुजबुजला. "अंधार पडल्यावर येईन. कोणी बघायला नको."

त्या देशात हात वर करणाऱ्या लेखकांच्या मागं म्हणे पोलीस उभे असतात. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. वसंताच्या मागं कोणीच नव्हतं. रस्त्याच्या टोकाला छत्री मिटून अण्णासाहेब टांगा शोधत होते.