काकांचं प्रस्थान

"आधी तारीख, मग चहा." काका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते हे म्हणतच. बूट दाराशी काढले, टेबलावरचा कप बाजूला सरकवला आणि खिशातून पेन्सिल काढली.

वर्षाच्या मध्येच देश बदलून हॉलंडला आलेल्या माणसाला कर खात्याचा वेगळा, जाडजूड फॉर्म यायचा. निळ्या लिफाफ्यात, सगळा डचमध्ये. झुइडास या कंपन्यांच्या भागातल्या आमच्या ऑफिसात पुण्या-मुंबईची बरीच मंडळी होती. लिफाफा आला की भलेभले इंजिनियर पांढरेफटक पडत आणि काकांना गाठत. काका पन्नाशीचे, सांगलीचे, आमचे सीनियर. सख्खे कुणाचेच नव्हते, तरी काका सगळ्यांचे. मोबदला म्हणून त्यांना फोडणीची पोळी चाले.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ मारायची. डावीकडे भारत, उजवीकडे हॉलंड, मधे देश बदलल्या दिवसाची एक उभी रेघ. "ही रेघ चुकली की पुढचं सगळं चुकलं," असं बजावायचे.

माझी रेघ चुकली. मी लिहिला होता रविवार. पासपोर्टवरचा शिक्का बुधवारचा.

"मधले तीन दिवस कुठे होतास?"

"घरीच. पण निघालो रविवारी."

काका चष्म्यावरून बघत राहिले. मग मला सांगावंच लागलं. बुधवार आईला पसंत नव्हता. म्हणून तिने रविवारी चांगल्या मुहूर्तावर माझं प्रस्थान ठेवलं. तांदूळ, सुपारी आणि माझा एक शर्ट पिशवीत घालून पिशवी शेजारच्या जोशीकाकूंकडे नेऊन दिली. तेव्हापासून घरात सगळे मला "तू निघालायस" असंच म्हणत होते. विमानतळावर जाताना पिशवी उचलली, एवढंच.

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे बाबा, कर खात्याला तुझ्या पिशवीचं उत्पन्न नकोय, तुझं हवंय!" रविवार खोडून त्यांनी बुधवार केला. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "येताना माझंही हिनेच ठेवलं होतं."

त्यांची बायको सांगलीत शाळेत शिकवायची. एक हिवाळा इथे राहिली आणि परत गेली. तिला शाळा सोडवेना, यांना प्रोजेक्ट. ती दर रविवारी फोनवर विचारायची, परत कधी येताय? आम्हीही चेष्टेत विचारायचो, "काका, तुमची रेघ कधी?"

"तारीख ठरली की सांगतो." हे उत्तर मी तीन वर्षं ऐकलं. प्रोजेक्ट दर वेळी वाढायचं आणि काका दर वेळी हो म्हणायचे. मला त्यांचा रागही यायचा. दुसऱ्यांच्या तारखांबद्दल एवढा काटेकोर माणूस!

मग एका सोमवारी ते दारात उभे. हातात कापडी पिशवी.

"ही तुमच्याकडे ठेवायचीय. विमान गुरुवारचं आहे, पण तिने फोनवर आजचा मुहूर्त सांगितलाय."

पिशवीत तांदूळ, सुपारी आणि ऑफिसचा एक निळा शर्ट होता. माझ्या बायकोने ती देवाजवळ ठेवली आणि चहा टाकला. त्या दिवशी काकांनी कुणालाच तारीख विचारली नाही. दोन कप चहा प्यायले, घसा बसेपर्यंत बोलले. गुरुवारी टॅक्सी खाली थांबवून आले, पिशवी घेतली आणि जिन्यावरून हात हलवत गेले.

पुढच्या वर्षी तोच जाडजूड फॉर्म आला, या वेळी त्यांच्या नावाने, आमच्या पत्त्यावर. देश सोडणाऱ्यालाही तो भरावा लागतो. मी जाहिरातीच्या पाठीवर आडवी रेघ मारली आणि सांगलीला फोन लावला.

"काका, आधी तारीख."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. त्यांची बायको कुणाला तरी पोळी वाढू का विचारत होती, बहुधा त्यांनाच.

"खरं सांगू? पिशवी ठेवली ना, त्या सोमवारीच निघालो मी," काका म्हणाले. "पण तू गुरुवार लिही."