सात नंबरचा रमेश पाटील

"हे आजचं आहे का उद्याचं?"

कुठलाही स्क्रीन समोर आला की अक्का आधी चष्मा काढायच्या, रुमालाने दोन्ही काचा पुसायच्या, तो पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि स्क्रीनवर बोट ठेवून हा प्रश्न विचारायच्या. बोट अगदी टेकवायच्या. त्याचा ठसा उमटायचा आणि धुळ्याहून जळगावला परतताना मी एसटीत तो पुसत बसायचे.

आजचं म्हणजे आत्ता, या घटकेला चालणारं. उद्याचं म्हणजे कंपनीने झोकात दाखवलेलं, पण अजून तयार नसलेलं. आमच्या धंद्यात या दुसऱ्या प्रकाराला बरीच भारदस्त नावं आहेत. अक्कांना त्यातलं एकही माहीत नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नाही.

अक्का धुळ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मुख्य सिस्टर. मूळच्या पिंपळनेरच्या. हजेरीपटावर त्यांचं चांगलं तीन शब्दांचं नाव होतं, पण मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. ऑफिसात बोलताना त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी असे. वॉर्डात पाऊल टाकलं की अहिराणी सुरू. "गोयी खादी का बाबा? खरं सांग, उशीखाल पाहू का?" असं विचारलं की भले भले आजोबा उशीखालून गोळी काढून मुकाट्याने गिळत.

मी तेव्हा जळगावातल्या एका आठ माणसांच्या कंपनीत होते. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत असू. कंपनीच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांची जीभ आमच्या हातांच्या फार पुढे असायची. "आज दाखवून ठेवू, करायचं काय ते मागाहून बघू," हे त्यांचं धोरण. मागाहून बघायचं म्हणजे मी बघायचं.

तुमच्यापैकी कोणी असा डेमो, म्हणजे सॉफ्टवेअर विकताना दाखवतात ते प्रात्यक्षिक, पाहिला असेल तर एक गोष्ट आठवून बघा. दाखवणारा माऊस कधी तुमच्या हातात देत नाही. कारण डेमोला एक पायवाट असते. इथे क्लिक, मग तिथे क्लिक, मग हसायचं. त्या वाटेवरून पाय घसरला की खाली काहीच नसतं.

आमच्या पायवाटेच्या शेवटी रमेश पाटील होता. खाट नंबर सात, वय पंचेचाळीस, अपेंडिक्सचं ऑपरेशन. हा माणूस मीच जन्माला घातला होता. त्याच्या नावावर इंजेक्शन टाकलं की स्क्रीनवर लाल पट्टी यायची: या पेशंटला या औषधाची ॲलर्जी आहे. त्या पट्टीवर आम्ही आमचे अर्धे दवाखाने गटवले होते.

धुळ्यातही तसंच झालं. लाल पट्टी झळकली आणि मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या हॉस्पिटलात अक्कांची एक जुनी पद्धत होती. ज्या पेशंटला एखादं औषध सोसत नाही, त्याच्या खाटेच्या दांड्याला त्या लाल रिबीन बांधत. शाळेतल्या मुली वेणीला बांधतात तीच. रिबीन दिसली की कुठल्याही सिस्टरने सुई बाजूला ठेवून आधी केसपेपर वाचायचा, असा नियम. मोठे डॉक्टर म्हणाले, "अक्का, आता तुमच्या रिबिनी काढून टाकू. वॉर्ड जत्रेसारखा दिसतो."

सगळे चहाला उठले आणि मी लॅपटॉप आवरायला लागले, तेव्हा अक्का शेजारी येऊन बसल्या. चष्मा पुसला. माऊस स्वतःकडे ओढला. रमेश पाटीलच्या औषधांच्या रकान्यात त्यांनी एका बोटाने सावकाश लिहिलं: ताक.

लाल पट्टी आली. या पेशंटला या औषधाची ॲलर्जी आहे.

"बिचाऱ्याला ताकही चालत नाही," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवर तेच इंजेक्शन टाकून पाहिलं. त्या पेशंटच्या माहितीत ॲलर्जी स्पष्ट लिहिलेली होती. पट्टी आली नाही.

खरं सांगायचं तर मी आत एकच ओळ लिहिली होती. खाट सात असेल तर लाल पट्टी दाखव. औषध कुठलं, पेशंट कोण, ते काही बघायचं नाही.

"पोरी, हे आजचं आहे का उद्याचं?"

"उद्याचं आहे, अक्का. सुरू करायच्या आत नक्की होईल."

"मग आज दाखवलंस कशाला?"

मी लॅपटॉप मिटला. उठताना अक्का एवढंच म्हणाल्या, "झालं की मला कळव. तू हो म्हटल्याशिवाय मी रिबिनी सोडणार नाही."

आता इथे मी स्वतःची बाजू मांडू शकते. मधल्या महिन्यात सरांनी आणखी तीन गोष्टी दाखवून ठेवल्या, त्या करता करता माझी पट्टी मागे पडली, वगैरे. ते सगळं खरं आहे. पण सुरू करायच्या आदल्या दिवशी अक्कांचा फोन आला, "झालं का आजचं?" तेव्हा सर माझ्या समोर बसले होते, खुणेने हो म्हण म्हणत होते, आणि मी हो म्हटलं. दोन-चार दिवसांत करून टाकू, कोणाला कळतंय, असं मनाशी म्हटलं. ते हो माझंच होतं. सरांनी फक्त मान हलवली होती.

अक्कांनी रिबिनी सोडल्या. एकूण एक. माझ्या शब्दावर.

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा उघडत होते तेव्हा फोन वाजला. "इकडे ये," अक्का म्हणाल्या. "उद्या नको. आज ये." आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं वाटलं असतं.

काय झालं ते मला तिथे पोचल्यावर कळलं. साक्रीकडची एक म्हातारी तापाने दाखल झाली होती. तिच्या मुलाने येताना गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती, आणि तिला कुठलं इंजेक्शन सोसत नाही ते दाखल करतानाच कॉम्प्युटरमध्ये भरलं होतं. म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांनी नेमकं त्याच जातीचं इंजेक्शन लिहिलं. नवीन सिस्टरने ते स्क्रीनवर टाकलं. पट्टी आली नाही. तिने विश्वासाने सुई भरली.

अक्का राउंडवर होत्या. त्यांची सवयच होती, सुई टोचायच्या आधी पेशंटशी दोन शब्द बोलायची. "माय, सुईना तुले कधी तरास व्हयना व्हता का?"

"व्हयना व्हता ना," म्हातारी म्हणाली. "आंग बठ्ठं सुजी गयथं."

अक्कांनी सिस्टरच्या हातातली सुई काढून घेतली. बस्स, एवढंच झालं. म्हातारीला पत्ताही लागला नाही. मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि मुलाने आणलेलं केळं सोलत होती. मला बघून तिने अर्धं पुढे केलं. मला ते घेववेना.

"डॉक्टरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"मी नाही सांगणार," अक्का म्हणाल्या. "हो तू म्हटलं होतंस. तूच सांग."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीपर्यंत सगळा मिळून वीस पावलांचा व्हरांडा. तेवढ्यात मी नोकरी दोनदा गमावून पाहिली. आत जाऊन सगळं सांगितलं. खाट सात, एकच ओळ, ताक, फोनवरचं हो. डॉक्टर म्हणाले, "मग त्या दिवशी मी काय पाहिलं?"

"चित्र पाहिलंत, डॉक्टर."

त्यांचा चेहरा तांबडा झाला. सॉफ्टवेअर काढून टाका, कंपनीला नोटीस पाठवा, असं ते बोलायला लागले आणि त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या अक्का मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, रागवायचं ते मागाहून रागवा. आधी मला रिबिनी बांधू द्या." आणि जरा थांबून, "हिला तीन आठवडे द्या. ही खोटं बोलली, पण कुठे बोलली ते आता हिला पक्कं माहीत आहे. दुसरी कंपनी आणली तर ते आपल्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल."

डॉक्टरांना हसू आलं असावं. त्यांनी ते दाबलं आणि तीन आठवडे दिले.

बाहेर आल्यावर अक्का माझ्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलल्या. "चाल, च्या पी ले," म्हणाल्या. मी व्हरांड्यात बाकावर बसून रडले, आणि त्या शेजारी बसून रिबिनीचे सारखे तुकडे कापत राहिल्या.

ते तीन आठवडे मी सकाळी जळगावहून निघून त्यांच्या वॉर्डात, औषधांच्या कपाटाशेजारी स्टूल टाकून बसत होते. तोवर मला वाटत होतं, औषधाचं नाव जुळलं की पट्टी दाखवायची, त्यात काय मोठं. अक्कांनी मला एकाच औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्या रांगेने मांडून दाखवल्या. नावं सगळी वेगळी, आत औषध एकच. एकदा एका पेशंटला विचारलं कुठल्या गोळीचा त्रास होतो, तर तो म्हणाला, "पिवळी." अक्का माझ्याकडे वळल्या. "हं, टाक कॉम्प्युटरमध्ये पिवळी." मग त्यांनी मला शिकवलं, अशा वेळी रकाना रिकामा सोडायचा नसतो. माहीत नाही, विचारायचं आहे, असं लिहायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'माहीत नाही' म्हणायला जागाच नव्हती. ती मी केली.

त्यांच्याकडे एक जुनी जाड वही होती. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून, कोणाला कशाने त्रास झाला ते त्यांनी त्यात लिहून ठेवलं होतं. रोज दुपारी त्या वही उघडून एकेक नाव आणि त्याला न सोसलेलं औषध टाकायच्या. पट्टी नाही आली की शांतपणे म्हणायच्या, "उद्याचं." मी पुन्हा स्टुलावर. हा शब्द मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकला की झोपेतही कोणी तो म्हणालं असतं तर मी उठून बसले असते. एका शनिवारी त्यांनी वहीचं शेवटचं पान उलटलं, शेवटचं नाव टाकलं, पट्टी आली, आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजचं," म्हणाल्या.

रिबिनी मात्र त्यांनी त्यानंतरही काढल्या नाहीत. "वीज गेली तर?" असं विचारून त्यांनी मोठ्या डॉक्टरांनाही गप्प केलं.

सरांनी मला काढलं नाही. पंधरा दिवस बोलले मात्र नाहीत. मग एकदा बिलाच्या कामासाठी त्यांनी अक्कांना फोन केला आणि तो बराच लांबला. एका बाजूने मला फक्त "हो अक्का, हो अक्का" ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, जे झालेलं नाही त्या प्रत्येक स्क्रीनवर राखाडी पट्टी टाक आणि त्यावर 'उद्याचं' लिही. "गिऱ्हाइकं पळतील," हेही त्यांनी बजावलं. दोन पळालीसुद्धा. चाळीसगावचे एक डॉक्टर मात्र राखाडी पट्ट्या मोजून म्हणाले, काय नाही ते सांगणारे तुम्ही पहिलेच भेटलात. ते अजून आमच्याकडे आहेत.

अक्का आणि रमेश पाटील यांचं नातं वेगळंच होतं. मी धुळ्याला गेले की पहिली चौकशी त्याची. "रमेश पाटील कसा आहे? दोन वर्षं झाली अपेंडिक्सला, अजून सुटी नाही?" मी म्हणायचे, त्याची तब्येत तोळामासा आहे. त्या म्हणायच्या, "ताक देऊ नकोस."

गेल्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम, शाल, नारळ, भाषणं सगळं उरकलं, आणि त्या मला हाताला धरून वॉर्डातल्या प्रिंटरपाशी घेऊन गेल्या. चष्मा पुसला. "त्याला घरी पाठवायचं राहिलंय," म्हणाल्या. "माझ्या हातचा एकही पेशंट मागे ठेवून मी जात नाही."

रमेश पाटील अजून माझ्या डेमोच्या लॅपटॉपवरच होता. मी तो उघडला. त्यांनी सगळी रीत पाळायला लावली. टाके काढले, लिहिलं. ताप नाही, लिहिलं. औषधं समजावून सांगितली, लिहिलं. सिस्टरच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं पूर्ण तीन शब्दांचं नाव टाकलं. मग कागद छापून माझ्यापुढे धरला. खाली एक जागा रिकामी होती. पेशंटला घेऊन जाणाऱ्या जबाबदार नातेवाइकाची सही.

"कर," अक्का म्हणाल्या. "तुझाच आहे."

मी सही केली. नातं काय लिहू, असं विचारणार होते, पण त्यांनी कागद घेऊन घडी घातली आणि माझ्या पिशवीत ठेवला. मग प्रत्येक खाटेपाशी थांबत, कोणाची उशी नीट करत, कोणाला गोळीची आठवण देत त्या वॉर्डाच्या टोकापर्यंत गेल्या. संध्याकाळच्या पिंपळनेरच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं.

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. हल्ली डेमोला गेले की मी माऊस समोरच्यांच्या हातात देते आणि त्यांना हवं ते नाव टाकायला सांगते. पायवाट ठेवलेली नाही. सात नंबरची खाट मात्र मी कोणाला दिलेली नाही. परवा रावेरला एका डॉक्टरांनी विचारलं, सगळ्या खाटा भरलेल्या, मग ही एकच रिकामी कशी?

म्हटलं, होता एक पेशंट. बरा होऊन घरी गेला.