शेजारच्या माजी खासदाराचा भाऊ

परदेशातल्या वेरिबी या उपनगरात आमच्या शेजारी एक स्कॉटिश आजोबा मुलीकडे राहायला आले. तिथल्या संसदेत आपण खासदार होतो, स्कॉटलंड स्वतंत्र व्हावा म्हणून उभं आयुष्य घालवलं, असं त्यांनी कुंपणापलीकडून पहिल्याच दिवशी सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. माजी खासदार मुलीच्या मागच्या खोलीत राहतो आणि स्वतः कचऱ्याचा बिन बाहेर काढतो? मला वाटलं, एकतर हा थापा मारतोय, नाहीतर तिकडे काहीतरी करून पळून आलाय.

नवऱ्याने नेटवर शोधलं. माणूस खरा निघाला. आधी नगरसेवक, मग खासदार, मग पराभव. तरी माझी शंका गेली नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, मात्र त्यांच्याशी गट्टी जमली. दोघं रोज सकाळी नदीकाठी फिरायला जायचे. तो माणूस बाबांना आमच्या मराठी मंडळाबद्दल खोदून खोदून विचारायचा. अध्यक्ष कोण, नाराज कोण.

"त्याला कशाला हवंय हे सगळं?" मी विचारलं.

"अगं, रिकामा आहे बिचारा," बाबा म्हणाले.

त्या वर्षी मंडळ फुटायच्या बेतात होतं. कार्यक्रम सगळे शहराच्या दुसऱ्या टोकाला होत, म्हणून आमच्या भागातल्या लोकांना वेगळं मंडळ हवं होतं. मीही त्यांच्यातच होते. त्यावर मतदान घ्यायच्या बैठकीला बाबा त्या आजोबांना घेऊन आले, तेव्हा मी मनात म्हटलं, आता हा आगीत तेल ओतणार. वेगळं होणं हाच याचा धंदा.

अध्यक्षांनी पाहुणे म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते हळू आवाजात आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलले. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतात भावाने विरोधात मत दिलं, त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं आणि पुन्हा भेट व्हायच्या आत भाऊ गेला. एका काकूंनी डोळे पुसले. मतदान पुढे ढकललं गेलं आणि नंतर कुणी तो विषय काढलाच नाही. दिवाळी मात्र त्या वर्षी आमच्याकडच्या हॉलमध्ये झाली.

पुढे एकदा त्यांची मुलगी चहाला आली. काकांच्या जाण्याचं ऐकून वाईट वाटलं, असं मी म्हणाले. ती गोंधळली. "कुठले काका? डॅड एकुलता एक आहे."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं.

ते जराही ओशाळले नाहीत. "प्रचारात एका दारात एका माणसाने मला हे सांगितलं होतं. सांगताना रडत होता. मी आधी ती गोष्ट त्याची म्हणूनच सांगायचो, पण लोक घड्याळाकडे बघायचे. स्वतःची म्हणून सांगायला लागलो, तेव्हा ऐकायला लागले."

"आणि तुम्ही आम्हालाही तेच ऐकवलंत."

"तुम्ही सगळे वेगळे व्हायला निघाला होतात," ते म्हणाले. "तुझ्या सासऱ्यांना त्याचा त्रास होत होता."

बाबांना मी सगळं सांगितलं. ते बूट घालून नेहमीसारखे फिरायला निघाले. तो माणूस खरोखर राजकारणात होता, याबद्दल आता मला शंका उरली नव्हती. पण त्या दारातला रडणारा माणूस तरी खरा होता का, हे विचारायचं मी टाळलं.