तारीख पुढे ढकलता येणार नाही

गेलेला माणूस आपलं बुकिंग स्वतः कॅन्सल कसं करतो? हे मी आमच्या मॅनेजरला विचारलं, हेल्पलाइनवरच्या मॅडमला दोनदा विचारलं. नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवर मी खोल्या लावतो. चादरींच्या घड्या घालताना आम्ही बुकिंगचेच किस्से सांगतो. चादरी संपतात, किस्से संपत नाहीत.

देवरीकडचं एक कुटुंब होतं. नाल्याला पूर आला, बस पलीकडेच अडकली. बाईंनी फोन केला, उद्या सकाळी येतो म्हणाल्या. मॅनेजर म्हणाले, उद्याचं नवीन बुकिंग करा, पुन्हा पूर्ण पैसे भरा.

"नाल्यानं तुमचा नियम वाचला नव्हता, भाऊ," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गोंदियाच्या एका शेठकडून मोबाइलवर चुकून पुढच्या महिन्याची तारीख दाबली गेली. सामानासकट काउंटरवर उभे. आठ खोल्या रिकाम्या! "खाली कमरे दिख रहे हैं ना?" शेठ म्हणाले. मॅनेजर म्हणाले, दिसतात, पण सिस्टिममध्ये तुम्ही अजून आलेच नाही.

शेठ गाडीतच आडवे झाले. आमचे स्वयंपाकी काका चहा घेऊन गेले. "घ्या शेठ, याले बुकिंग लागत नाही."

मॅनेजरच्या सख्ख्या मेहुण्यालाही सूट नाही. त्याच्या घरी मयत झाली, येणं रद्द झालं, भरलेले पैसे गेले. त्यानंतर आठवडाभर मॅनेजर साहेब आमच्याच मेसमध्ये जेवत होते. काकांनी वाढता वाढता विचारलं, "काऊन साहेब, घरी चूल पेटून नाही राहिली का?"

आणखी एक नियम. पैसे भरलेला पाहुणा आला नाही तरी त्याची खोली लावायची. टॉवेल, साबण, पाणी, सगळं. दुसऱ्या दिवशी अकराला दार वाजवून "चेक-आउट, सर" म्हणायचं. आत कोणी नसलं तरी! मी कित्येकदा रिकाम्या खोल्यांना उठवलं आहे.

माझ्या दादानं सात नंबरची खोली घेतली होती, वहिनीसाठी. कामठ्याचं शेत सोडून दोघं कधी मुक्कामाला गेली नव्हती. "तू कुठं काम करतो, ते पाहू तरी," म्हणाला. पैसे आधीच भरून टाकले. मग ताप आला. दवाखान्यातून मला म्हणाला, "तारीख पुढं ढकलून घे. बरा होऊन राहिलो मी."

मी मॅनेजरला हात जोडले. मग बादली फेकून मारली. तारीख हलली नाही. त्या तारखेच्या पाच दिवस आधी दादा गेला. रद्द करायला गेलो तर म्हणे, ज्याच्या नावावर बुकिंग, त्यानंच करायचं.

बुकिंगच्या दिवशी मी सात नंबर लावली. कोरी चादर, दोन टॉवेल. जंगलाकडची खिडकी उघडली. दादा गोड चहा पितो म्हणून साखरेच्या पुड्या जास्त ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. साहेब म्हणाले, दार वाजव. मी कडीला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी अडकवली आणि दाराला पाठ लावून खाली बसलो.

"झोपून राहिला तो, साहेब. पैसे पुरे भरले आहेत त्यानं."