दोन वाजताची सही

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात अंगारा-उतारा कधी चालला नाही, आणि आयसीयूत बारा वर्षं काढल्यावर तर नाहीच नाही. हिंगोलीतल्या एका दवाखान्यात मी सिस्टर आहे. कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी तोंडावर सांगते... लोकांना राग येतो, येऊ दे.

गेल्या वर्षी किसन म्हणून पेशंट आला. गोरेगाव–सेनगाव जीप चालवायचा. गावात काविळीची माळ घालून आठ दिवस काढले आणि लिव्हर निकामी झाल्यावर आणला. माळ मीच कात्रीनं कापली. त्याची बायको, गंगूबाई, रडतच म्हणाली, "सिस्टर, लेकरं लहान हायेत वो. वाचंल न्हवं?"

"वाचवू," मी म्हणाले.

अशा पेशंटची आम्ही रोज सही घेतो. लिव्हर बिघडलं की विष डोक्यात चढतं आणि अक्षर आधी बिघडतं. म्हणून पलंगाला कागद अडकवलेला, दर ड्युटीला एक रकाना. किसनच्या सह्या दिवसेंदिवस वाकड्या होत गेल्या. त्या दिवशी सकाळी तर नुसती रेघ.

दुपारी दोनला मी सकाळच्या ड्युटीवरच्या शेख सिस्टरकडून चार्ज घेतला. बाराला साखर तपासलेली, बरी होती. पुढची चारला. किसन गाढ झोपलेला. "लिव्हरचीच गुंगी," असं मी पायथ्याकडूनच ठरवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले.

सव्वादोनला सही घ्यायला कागद काढला, तर दोनच्या रकान्यात सही होती! ठणठणीत, खाली लांब शेपटी ओढलेली.

माझं डोकंच फिरलं. शेख सिस्टर घरी निघाली होती, तिला दारातून परत आणलं.

"खोटी सही? तीही बेशुद्ध माणसाची?"

"अल्ला कसम, मी हात न्हाई लावला! मी काहून करू असं?"

गंगूबाईला विचारावं, तर ती अंगठा लावणारी. आणि आत दुसरं कुणी आलंच नव्हतं.

"थांब, ह्याला पेन तरी धरवतो का, दाखवतेच तुला," म्हणत मी किसनच्या मुठीत पेन कोंबला. हात गार, घामानं निथळत होता.

साखर तपासली. एकतीस! सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावतो. लिव्हर गेलं की साखर अशी अचानक कोसळते, हे मी नव्या मुलींना शिकवते. शिरेतून ग्लुकोज दिलं, शेख सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. थोड्या वेळानं किसननं डोळे उघडले. चारपर्यंत तो राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला घरी सोडायच्या दिवशी मी सही करायला लावली. अक्षर थरथरलं. "न्हाई जमून राहिली अजून," तो हसून म्हणाला आणि लायसन काढून दाखवलं. "आधी अशी करायचो." तीच लांब शेपटी.

कागद मी पुन्हा पुन्हा पाहिला. विश्वास आजही नाही... पण खरं सांगते, मी त्या पलंगाकडे पेशंट बघायला गेलेच नव्हते, शेख सिस्टरला खोटं पाडायला गेले होते. सही ज्यानं कुणी केली, त्याला माझा स्वभाव बराबर ठाऊक होता.