तिसऱ्या शिट्टीपर्यंत

तेव्हा आम्ही शारजाला राहत होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये काबूलच्या लढाईतून निसटलेली एक बाई नवऱ्यासोबत राहायला आली. तिला झोप लागत नसे. माझ्याकडे बीपीचं मशीन होतं, म्हणून ती संध्याकाळी मोजून घ्यायला येई. वरचा आकडा एकशे साठच्या खाली उतरत नव्हता आणि डॉक्टर गोळ्या वाढवत होते.

एकदा मी तिच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधत असताना आमच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती टेबलाखाली शिरली. काबूलमध्ये रॉकेट पडण्याआधी अशीच शीळ ऐकू यायची, असं तिने नंतर सांगितलं.

मी बायकोला म्हटलं, "खलास! आजपासून डाळ पातेल्यात शिजव."

बायकोने ऐकलं नाही. ती तिला ओट्यापाशी घेऊन गेली. "बहेन, तीन सीटी, फिर गॅस बंद. तुम करो."

पहिल्या दिवशी तिने पहिल्याच शिट्टीला गॅस बंद केला. आम्ही कच्ची डाळ खाल्ली. पण ती रोज येत राहिली. हळूहळू तिला झोप लागू लागली आणि गोळी न वाढवता आकडा एकशे तीसवर आला.

एकदा घाईत बायकोनेच दुसऱ्या शिट्टीला बटणाकडे हात नेला. बायकोला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारी ती शेजारीण ओरडली, "अरे बाजी, सब्र करो! डरती हो क्या?" आणि तिसरी शिट्टी होईपर्यंत तिने तो हात घट्ट धरून ठेवला.